खोडीवरून ओळखावी गिटार

इलेक्ट्रिक गिटार नुसत्या आवाजावरून ओळखता येते का, असा विषय निघाला की बोलणारे लगेच गोडवा, ऊब, भरीवपणा अशा शब्दांकडे धावतात. माझ्या मते ओळखीचे अर्धे काम पहिला सूर वाजण्यापूर्वीच झालेले असते. दादरला माझ्या बहिणीच्या घरी, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भाचा अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून गिटारला केबल जोडतो तेव्हा स्पीकरमधून एक संथ घरघर यायला लागते. पंख्याचा रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असेल तर त्या घरघरीला बारीक करकर चिकटते. भाचा स्टुलावर बसल्या बसल्या खिडकीकडे वळला की ती वाढते, कपाटाकडे वळला की मंदावते, आणि त्याने तारांवर तळवा ठेवला की एकदम दबते. मी त्याच्याकडे पाठ करून बसलेली असते, तरी एवढ्यावरून सांगता येते की त्याच्या मांडीवर सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज एकाच वेटोळ्याने पकडणारी, गिटार आहे. घरघर जवळजवळ नसलीच तर हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप. कोणती कंपनी, कोणते मॉडेल, कोणत्या सालचे, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे.

पिकअपची रचना समजून घेतली की यात गूढ काही उरत नाही. चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. गिटारची पोलादी तार त्या चुंबकांवर थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि तीच पुढे मोठी होऊन आपल्याला ऐकू येते. पण गिटारची तार कोणती आणि भिंतीतले वायरिंग कोणते हा भेद वेढ्यांना कळत नाही, त्यामुळे घरातल्या विजेची 50 हर्ट्‌झची कंपने आणि त्यांच्या पटीतली कंपनेही ते तितक्याच निष्ठेने पकडतात. आमच्या माहेरी पेटी होती आणि वडिलांना कुकरच्या शिट्टीचीही पट्टी काढून बघायची सवय होती. ती सवय माझ्याकडे आली आहे, म्हणून सांगते: आपल्या विजेची घरघर पांढरी पाचच्या किंचित वर लागते. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्‌झची, त्यामुळे तिची घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे, कुठल्याच पट्टीत न बसणारी. तिकडच्या काही जुन्या ध्वनिमुद्रणांत, वादक थांबला आहे आणि गिटारचा आवाज मात्र उघडा आहे अशा क्षणी, ती कान दिला तर ऐकू येते.

या सगळ्यातून माझे एक मत तयार झाले आहे. आपला कान गिटारचे गुण फारसे ओळखत नाही, तिच्या खोडी ओळखतो. कोणी तरी एक दोष घालवायला जातो, तो जाताना दुसरा मागे ठेवतो, आणि पुढे पन्नास-साठ वर्षे लोक त्या दुसऱ्या दोषावरूनच त्या वाद्याला नावाने हाक मारतात.

हमबकरचेच बघावे. सिंगल कॉइलची घरघर घालवण्यासाठी गिब्सन कंपनीतला अभियंता सेथ लव्हर याने 1955 साली दोन वेटोळी शेजारी शेजारी बसवली. दोन्हींचे वेढे परस्परांच्या उलट दिशेने आणि चुंबकांची टोकेही उलटी ठेवल्यामुळे बाहेरून आलेली घरघर एकमेकींना छेदून नाहीशी होते, तारेचा आवाज मात्र दोन्हीकडून मिळून वाढतो. गिब्सनच्याच, 1952 साली बाजारात आलेल्या ले पॉल गिटारवर सुरुवातीला पी-नाइन्टी नावाचे सिंगल कॉइल पिकअप होते. 1957 साली त्यांच्या जागी हे हमबकर आले. घरघर गेली, पण ती एकटी गेली नाही. दोन वेटोळी तारेचा अधिक रुंद पट्टा एकदम ऐकतात आणि त्यात सर्वांत बारीक कंपने आपसातच विरून जातात. शिवाय प्रत्येक पिकअप स्वरांच्या एका ठरावीक भागाला इतरांपेक्षा अधिक उठाव देतो, तो भाग वेढे वाढले की खाली सरकतो. नेहमीची केबल जोडलेली असता सिंगल कॉइलमध्ये हा उठाव ढोबळमानाने 3 ते 5 हजार हर्ट्‌झच्या दरम्यान असतो आणि हमबकरमध्ये 2 ते 3 हजारांच्या. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो नेमका 2 ते 5 हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात. गिटारच्या 12 इंची स्पीकरमधून 5 हजारांच्या वरचे फारसे काही बाहेरच येत नाही, म्हणजे या दोन पिकअपमधला सगळा तंटा आपल्या कानाच्या अगदी पुढ्यात चाललेला असतो. ज्याने गिटार कधी हातात धरलेली नाही असा माणूसही एकीला धारदार आणि दुसरीला जाड म्हणतो, ते उगाच नाही.

दुसरी खोड जागेची. सतार असो की तंबोरा, तार घोडीजवळ छेडली तर आवाज कडक निघतो आणि मधे छेडली तर गोल, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये छेडण्याच्या जागेइतकीच ऐकण्याची जागा महत्त्वाची, कारण पिकअप तारेच्या ज्या बिंदूखाली बसलेला असतो तिथली हालचाल तेवढी त्याला कळते. घोडीजवळ तारेचा झोल लहान, वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर, ठळक; मानेजवळ झोल मोठा, मूळ स्वर भरदार. एकाच गिटारचे हे दोन पिकअप आळीपाळीने ऐकवले तर नवखा माणूस त्या दोन वेगळ्या गिटारी आहेत असे शपथेवर सांगेल. उलट, दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या गिटारींचे मानेजवळचे पिकअप हळू आवाजात ऐकवले तर सरावलेले कानसुद्धा चुळबुळ करू लागतात. म्हणून मी पाठ करून बसले की आधी 'कोणती गिटार' हे विचारतच नाही. 'कुठून ऐकते आहे' हे विचारते.

टेलिकास्टर मला बहुतेक वेळा चटकन ओळखू येते ती तिच्या घोडीजवळच्या पिकअपमुळे. फेंडर कंपनीने ही गिटार 1950 साली ब्रॉडकास्टर या नावाने आणली, पण ग्रेच कंपनीचे जवळजवळ त्याच नावाचे ड्रम बाजारात असल्यामुळे 1951 साली नाव बदलावे लागले. तिचा हा पिकअप तिरपा बसवलेला असतो, आणि तोही लाकडात नव्हे तर घोडीच्याच धातूच्या पत्र्यात. तो पत्रा पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात लुडबुड करतो, स्वतःही थोडा थरथरतो, आणि छेडीच्या पहिल्या क्षणाला एक खणखणीत टोक येते. उत्तम अभियंत्याने हा पत्रा कदाचित काढून टाकला असता. तो राहिला म्हणून टेलिकास्टर टेलिकास्टर राहिली.

फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरची गोष्ट याहून मजेची आहे, आणि मला वाटते साऱ्या विषयाचा कणा तिच्यातच आहे. 1954 साली ती आली तेव्हा तिच्यावर तीन पिकअप होते आणि त्यांतला एकेक निवडण्यासाठी तीन खाचांचे बटण. दोन पिकअप एकदम वाजावेत असा बनवणाऱ्यांचा हेतूच नव्हता. पण वादकांच्या लक्षात आले की बटणाचा दांडा दोन खाचांच्या अधेमधे अडकवून ठेवला तर शेजारचे दोन पिकअप एकत्र वाजतात आणि काही वेगळेच ऐकू येते. धक्का लागला की दांडा घसरायचा, म्हणून कोणी कागदाची घडी खुपसायचे, कोणी स्प्रिंग ढिली करायचे. कंपनीने पाच खाचांचे बटण दिले ते थेट 1977 साली. त्या मधल्या जागांवर दोन पिकअप एकाच तारेला दोन बिंदूंवर ऐकत असतात. काही स्वरांश दोन्हीकडून उलटसुलट येऊन एकमेकांना खोडून टाकतात, आणि जे उरते ते पोकळ, किंचित नाकातले, टोकदार. वादक त्याला 'क्वॅक' म्हणतात. भाच्याला मी बटण आधीच लावून ठेवायला सांगते, कारण खाचेत बसतानाची त्याची टक् उत्तर फोडून टाकते. तरी गडी हुशार: एकदा बटण खुळखुळ खेळवून मग हळूच कुठे तरी थांबला आणि म्हणाला, "मावशी, आता ओळख!" नव्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या खाचेवर घरघरही गळून पडते, आणि ही खूण तर नाकातल्या आवाजापेक्षाही पक्की. डायर स्ट्रेट्स बँडच्या मार्क नॉफ्लरने 1978 च्या 'सुल्तान्स ऑफ स्विंग' मध्ये हा आवाज नखीशिवाय, उघड्या बोटांनी काढला आणि जगभर पोहोचवला. 2005 साली तो मुंबईत वाजवून गेला तेव्हाही गर्दीतले बरेचसे लोक त्या मधल्या खाचेसाठीच आलेले होते, असे मी गमतीने म्हणते.

या ऐकण्यात आपण मराठी माणसे काही अगदी नवशिकी नाही. मैफली ऐकणाऱ्या माणसाला रेडिओवर सतार लागली की दोन मिंडांत वादक कळतो. पंडित रविशंकरांची खुली जवारी, तिला खर्जाच्या तारांची जोड. उस्ताद विलायत खाँची बंद जवारी, खर्जाला फाटा दिलेला. ऐकणारा तिथे ओळखत असतो ते घोडीचा माथा कानसीने किती आणि कसा घासला आहे, एवढेच. भोपळा कुठल्या शेतातला, दांडी कोणत्या लाकडाची, असे प्रश्न कारागिरासाठी महत्त्वाचे असतील, पण कानाने त्यांची उत्तरे दिल्याचा दावा मिरजेतही कोणी फारसा करत नाही.

गिटारीच्या जगात मात्र लाकडाची फार चर्चा चालते. महोगनी गोड, मेपल लख्ख, असे काही लोक इतक्या ठामपणे सांगतात की त्यांनी झाडाशीच बोलून घेतले असावे. भरीव अंगाच्या गिटारमध्ये पिकअप तारेची हालचाल टिपतो, पेटीतली हवा नव्हे. लाकडाचा वाटा असला तरी तो पिकअपची जात, त्याची जागा आणि तारेपासूनचे अंतर यांच्या मागे कुठे तरी उभा असतो. पाठमोरे बसून लाकूड ओळखणाऱ्यावर माझा विश्वास नाही. व्हायोलिनच्या बाबतीत तर रीतसर परीक्षा झालेली आहे. 2010 साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये 21 व्हायोलिनवादकांना वेल्डरचे काळे चष्मे घालायला लावून तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारी या जगप्रसिद्ध कारागिराची होती. वासावरून जुने लाकूड कळू नये म्हणून हनुवटी टेकवण्याच्या जागी अत्तर लावले होते. बहुतेकांनी नवी व्हायोलिने पसंत केली आणि सर्वांत नापसंत ठरले ते एक स्ट्रॅडिव्हारी. व्हायोलिनमध्ये लाकूडच सारा आवाज करते, तिथे ही कथा. मग भरीव फळीवर चुंबक बसवलेल्या वाद्याबद्दल किती बोलावे?

लांबीचे मात्र कानाला थोडेफार कळते. फेंडरच्या गिटारींत तारेची वाजती लांबी 25.5 इंच असते, गिब्सनच्या गिटारींत 24.75 इंच. तारा त्याच आणि सूरही तोच ठेवला तर लांब तारेवर सुमारे 6 टक्के अधिक ताण येतो. जाड तारांच्या खालच्या स्वरांत हा फरक जाणवतो. बोट सोडल्यावर तार जरा अधिक सरळ, आवळून बोलते. एकट्याने हे लक्षण पुरेसे नसते, दुसऱ्या खुणांच्या जोडीला आले तर मदत होते.

आणि तरीही कानावर फार भिस्त ठेवू नये, याचा दाखला म्हणून मी नेहमी लेड झेपेलिन बँडचा गिटारवादक जिमी पेज याच्याकडे बोट दाखवते. तो म्हटला की डोळ्यांपुढे कमरेखाली लोंबणारी ले पॉल येते, आणि डोळ्यांनी पाहिलेले कान निमूटपणे मान्य करतात. लेड झेपेलिनचा 1969 चा पहिला आल्बम मात्र त्याने मुख्यतः टेलिकास्टरवर वाजवला आहे, आणि 1971 च्या 'स्टेअरवे टू हेवन' मधला तो प्रसिद्ध एकल भागही टेलिकास्टरवरचाच. अ‍ॅम्प्लिफायर भरपूर तापवला, आवाजाची विकृती (डिस्टॉर्शन) वाढवली की स्वरांची टोके दबतात, सारे आवाज एका उंचीवर येतात आणि पिकअपच्या खोडी त्या धुराळ्यात बुडतात. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने 1966 साली जॉन मेयॉलबरोबरच्या आल्बममध्ये ले पॉल आणि मार्शल अ‍ॅम्प्लिफायर यांची जोडी जमवली. तो आवाज गिटारचा किती आणि मार्शलचा किती, हे वेगळे काढताच येत नाही. आमच्या कॉलेजच्या दिवसांत धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, एकामागून एक बँड यायचे आणि बहुधा तेच अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यांच्या वाट्याला यायचे. गिटारी बदलायच्या, आवाज बदलायचा नाही. हात बदलला की मात्र लगेच कळायचे.

पोकळ आणि अर्धपोकळ गिटारींचे प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण त्या स्वतःच आपली ओळख देतात. गिब्सनच्या 1958 च्या ई-एस 335 मध्ये पोकळ अंगाच्या मधोमध एक भरीव ठोकळा ठेवला तो शिट्टी आवरण्यासाठी. आवाज वाढवला की पोकळ पेटी स्पीकरला उत्तर देऊ लागते आणि हुंकार सुरू होतो. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग तर गिटारच्या अंगावरच्या फटींत कापड कोंबायचा आणि पुढे त्याच्या नावाचे मॉडेल फटींशिवायच निघाले. रिकनबॅकरची 12 तारी गिटार ओळखायला आणखी सोपी: इतर कंपन्या खालच्या तारांच्या जोड्यांत वरच्या सप्तकाची बारीक तार आधी बसवतात, रिकनबॅकर जाड तार आधी बसवते, त्यामुळे वरून खाली छेडताना भरदार स्वर आधी आणि त्याची चमक मागून येते.

मुंबईत या सर्वांवर हवेचा पडदा पडतो, याकडे गिटारवाले हवे तितके लक्ष देत नाहीत. समुद्रावरचा खारा दमटपणा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पोलादी तारा हां हां म्हणता गंजतात. गुंडाळलेल्या जाड तारांच्या फटींत घाम आणि मळ बसतो आणि सर्वांत आधी मरतात ते वरचे स्वरांश, म्हणजे ज्यांच्यावर सगळी ओळख उभी आहे तेच. जुलै महिन्यात, तारा न बदललेली टेलिकास्टर आणि तारा न बदललेली ले पॉल यांच्यात आश्चर्य वाटावे इतके सख्य होते. बोट तारेवरून सरकवले की एरवी येणारी शीळ येत नाही, त्याऐवजी खरखरीत घासल्यासारखे लागते. ते ऐकले की मी ओळखायचा प्रयत्न सोडून भाच्याला पुसायचा कपडा देते.

माझ्या पिढीच्या कानांवर इलेक्ट्रिक गिटार प्रथम आली ती रॉकमधून नव्हे, हवाइयन गिटारमधून. व्हॅन शिपलींनी वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या धून रेडिओवर लागायच्या, आणि शब्द नसले तरी सगळी चाळ गुणगुणायची. मांडीवर आडवी ठेवलेली, पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती गिटार. पडदे मोजत जायचे नसल्यामुळे एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधे पायरी नसते, आणि तीच तिची खूण. योगायोग असा की 1932 साली बाजारात आलेली रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटारही हीच, आकारामुळे तिला तळण्याचा तवा म्हणत. पुढे 1971 साली 'दम मारो दम' मधली गिटार घराघरांत घुमली. ती छेडणारे भूपिंदर सिंग बहुतेकांना केवळ गायक म्हणून माहीत होते. तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे सहसा नसतच, त्यामुळे ऐकणाऱ्याला आवाजाखेरीज दुसरा आधार नसे. याचा एक फायदा असा झाला की नाव वाचून आवाज ऐकण्याची खोड आम्हाला उशिरा लागली.

भाच्याला आता वापरलेली गिटार घ्यायची आहे. एक ठाण्याला आहे, एक बोरिवलीला, आणि एकीवर अशी सोय आहे की नॉब वर ओढला की हमबकरचे एक वेटोळे बंद पडून ती सिंगल कॉइल होते. त्याचे म्हणणे, मी सोबत यावे आणि पाठ करून ऐकून सांगावे. मी माझ्या अटी कळवल्या आहेत. दोन्ही गिटारी एकाच खोलीत आणाव्यात, दोघींवर एकाच जाडीच्या नव्या तारा चढवाव्यात, अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल एकच असावी आणि नॉबांना मधे हात लावू नये, नखी बदलू नये, दोन्हींवर तीच चार वाक्ये वाजवावीत आणि वाजवणाराही तोच असावा, शक्यतो विकणारा नको. आधी तापवलेला आवाज नको, साधा स्वच्छ आवाज हवा. आणि दोन्हींच्या किमती, माझे सांगून होईपर्यंत, त्याने स्वतःपाशीच ठेवाव्यात.